तापीकाठची लेकरं आणि समुद्राची शाळा

गेल्या उन्हाळ्यात शिरपूरला आपाकडे गेले होते. खानदेशातलं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. दुपारी घराबाहेर पाय टाकायची सोय नाही, म्हणून सगळं घर कूलरसमोर बसलेलं. आपाच्या मोठ्या लेकीची बारावी नुकतीच झाली होती. पुढे काय, हा विषय निघाला. कुणी फार्मसी म्हणालं, कुणी नर्सिंग, कुणी डी.एड. पोरगी गप्प होती. शेवटी तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "खाला, मला नेव्हीत जायचंय."

क्षणभर कुणी बोललं नाही. मग दुल्हेभाई म्हणाले, "बेटा, अरुणावतीला पाणी नाही आणि तू समुद्राच्या गोष्टी करतेस?" सगळे हसले. ती हसली नाही.

दुल्हेभाईंचं मुंबई-आग्रा महामार्गावर ट्रकदुरुस्तीचं गॅरेज आहे. माणूस कष्टाळू, लेकींना शिकवणारा. पण 'जहाज' हा शब्द त्यांच्या घरात कडू झालेला आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पुतण्याला मर्चंट नेव्हीत लावून देतो म्हणून एका एजंटानं साडेचार लाख रुपये घेतले. कुठल्यातरी परदेशी झेंड्याचं एक पुस्तक हातात दिलं, एका बंदरावरच्या लॉजमध्ये दोन महिने बसवून ठेवलं आणि मग फोन उचलणं बंद केलं. पोरगा परत आला तो आजही मान वर करून बोलत नाही. त्यामुळे दुल्हेभाईंच्या हसण्यात थोडी भीतीही होती.

त्या दुपारनंतर मी हा विषय धरून बसले. अधिकृत जाहिराती वाचल्या, माहिती असणाऱ्यांना विचारलं. लक्षात आलं की नौदलाच्या शिक्षणाची उद्याची आखणी दिल्लीत आणि कोचीत होते हे खरं, पण तिची पहिली पायरी आपल्या घरात असते. आठवी-नववीच्या पोराला कुठला विषय द्यायचा, अकरावीला कुठला गट घ्यायचा, हे ठरतं तेव्हाच समुद्राचं दार उघडतं किंवा बंद होतं. वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, म्हणून हा लेख.

समुद्र आपल्याला इतका परका आहे का?

शिरपूरला रेल्वे नाही, गाडी धरायला नरडाण्याला जावं लागतं. समुद्र तर शेकडो किलोमीटर दूर. पण तालुक्याच्या दक्षिणेला तापी वाहते. तीच तापी प्रकाशा, उकाई करत सुरतेपाशी समुद्राला मिळते. तिच्या काठावरचं थाळनेर हे गाव शिरपूर तालुक्यातच आहे. खानदेशच्या फारुकी सुलतानांची पहिली राजधानी तिथं होती. त्यांच्या कबरी आजही तिथं उभ्या आहेत. पुढे बुऱ्हाणपूर वसलं आणि बुऱ्हाणपूर ते सुरत हा व्यापाराचा मोठा रस्ता खानदेशातून गेला. मुघल काळात हाजींची जहाजं सुरतेहून सुटत. आपल्या भागातला माणूस हजला निघाला की तापीच्या वाटेनं जाऊन समुद्र गाठायचा.

१५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत भारतीय नौदलात 'आयएनएस सुरत' ही विनाशिका दाखल झाली. ती माझगाव डॉकमध्ये बांधलेली आहे. आपल्या नदीच्या मुखावरच्या शहराचं नाव तिला आहे. हे मी दुल्हेभाईंना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा कान देऊन ऐकू लागले.

समुद्रावर आपले लोक नव्हते असंही नाही. शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान हा मोठा अधिकारी होता. १६७९ साली खांदेरीच्या लढाईत इंग्रजांच्या जहाजांसमोर तो उभा होता. केरळात सामुतिरी राजाच्या आरमाराचे प्रमुख कुंजाली मरक्कार हे पोर्तुगिजांशी पिढ्यान्‌पिढ्या लढले. त्यांच्यातला चौथा कुंजाली १६०० साली गोव्यात मारला गेला. मुंबईच्या कुलाब्यात नौदलाचं 'आयएनएस कुंजाली' हे ठाणं त्यांच्याच नावानं आहे. कोकणात रत्नागिरी-रायगडच्या किती घरांत आजा, बाप आणि नातू अशा तीन पिढ्या जहाजावर गेल्या, हे कोकणी वाचकांना सांगायला नको. खानदेशात ती परंपरा नाही, एवढाच फरक.

शिकवणं म्हणजे नुसती कवायत नव्हे

आपल्या देशात जहाजावरच्या शिक्षणाची पद्धतशीर सुरुवात १९२७ साली मुंबईच्या बंदरात झाली. 'डफरिन' नावाचं जहाज तिथं नांगरून ठेवलं होतं आणि पोरं त्यावरच राहून शिकत. त्याची जागा १९७२ मध्ये 'राजेंद्र' या जहाजानं घेतली आणि १९९३ पासून नवी मुंबईत जमिनीवर 'चाणक्य' ही संस्था सुरू झाली. ही वाट व्यापारी जहाजांची.

नौदलाची एक आठवण मात्र प्रत्येक आखणी करणाऱ्यानं डोळ्यांसमोर ठेवावी अशी आहे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईतल्या 'तलवार' या ठाण्यावर नौसैनिकांनी संप पुकारला. 'तलवार' ही संदेशवहन शिकवणारी शाळा होती. निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ ही तात्कालिक कारणं. मनात स्वातंत्र्याची आग होतीच. काही दिवसांत ७८ जहाजं आणि सुमारे २० हजार नौसैनिक त्यात सामील झाले. संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान आणि उपाध्यक्ष मदन सिंग होते. मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबार झाला आणि दोनशेहून अधिक माणसं मेली.

यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तरुण पोराला यंत्र शिकवता येतं, पण त्याच्या ताटातलं अन्न आणि त्याची इज्जत सांभाळली नाही तर ते शिक्षण टिकत नाही. आजही पालक पहिला प्रश्न तोच विचारतात, "तिथं आमच्या लेकराला वागवतात कसं?" तो प्रश्न अडाणीपणाचा नाही.

आज कोण कुठं शिकतं?

नौदलाच्या शिक्षणाचा कारभार कोचीच्या दक्षिण नौदल कमांडकडे आहे. अधिकारी आणि नौसैनिक या दोन वाटा वेगळ्या आहेत आणि घरात बोलताना आपण त्या नेहमी एकत्र करतो.

अधिकारी व्हायचं तर केरळातल्या कन्नूर जिल्ह्यात एळिमला इथं भारतीय नौदल अकादमी आहे. ही अकादमी आधी गोव्यात मांडवीकाठी होती. एळिमलाची नवी अकादमी २००९ मध्ये सुरू झाली. तिथं पोचण्याचे मुख्य रस्ते दोन. एक, पुण्याजवळ खडकवासल्याची एनडीए. तिची लेखी परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते, वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. दुसरा, बारावीनंतरची बी.टेक. प्रवेश योजना. त्यासाठी जेईई मेन द्यावी लागते आणि बारावीत भौतिक, रसायन, गणित मिळून किमान ७० टक्के आणि इंग्रजीत ५० टक्के लागतात. निवड झाली तर चार वर्षांचं अभियांत्रिकीचं शिक्षण सरकारी खर्चानं होतं आणि शेवटी अधिकारी म्हणून नेमणूक मिळते. इतकी मोठी संधी, पण आपल्या वस्तीत दहा घरांत विचारलं तर एकालाही माहीत नसते.

नौसैनिकांचं पहिलं शिक्षण ओडिशात चिल्का सरोवराकाठी 'आयएनएस चिल्का' इथं होतं. तिथून ज्याच्या-त्याच्या कामाप्रमाणे पोरं पुढे जातात. इंजिनाचं काम शिकणारी लोणावळ्याच्या 'आयएनएस शिवाजी'त, विजेचं काम शिकणारी जामनगरच्या 'वलसुरा'त, तोफा आणि क्षेपणास्त्रांची कोचीच्या 'द्रोणाचार्य'मध्ये, पाणबुडीची विशाखापट्टणमच्या 'सातवाहन'मध्ये, भांडार-हिशेब आणि स्वयंपाकाची मुंबईत मालाडच्या 'हमला'मध्ये.

लोणावळ्याबद्दल मी दुल्हेभाईंना मुद्दाम सांगितलं. तिथं १९४५ पासून जहाजाचं इंजिन शिकवतात. आग लागली तर काय, जहाजाला भोक पडून पाणी आत आलं तर काय, याचाही सराव तिथंच होतो. ट्रकचं डिझेल इंजिन उघडून बसणाऱ्या माणसाला हे लगेच कळलं. "म्हणजे आमचंच काम, फक्त गॅरेज हलतं," ते म्हणाले.

काय बदलतंय आणि खटका कुठं आहे?

१४ जून २०२२ रोजी सरकारनं अग्निपथ योजना जाहीर केली. आता नौसैनिकांची भरती अग्निवीर म्हणून होते. वय साडेसतरा ते २१, अविवाहित असणं ही अट, सेवा चार वर्षांची. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के पोरांना पुढे कायम ठेवतात, बाकीची घरी येतात. पहिली तुकडी २८ मार्च २०२३ रोजी चिल्क्यातून बाहेर पडली. त्यात २७३ मुली होत्या. नौदलात मुली नौसैनिक म्हणून येण्याची ती पहिलीच वेळ.

पैशांचा हिशेब घरात बसून स्वच्छ मांडावा. पहिल्या वर्षी महिना ३० हजार, मग ३३ हजार, साडेछत्तीस हजार आणि चौथ्या वर्षी ४० हजार. यातले ३० टक्के सेवानिधीत कापले जातात. म्हणजे हातात पहिल्या वर्षी २१ हजार आणि चौथ्या वर्षी २८ हजार येतात. चार वर्षांत पोराचे ५ लाख २ हजार जमतात आणि सरकार तेवढेच घालतं. व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये शेवटी एकदम मिळतात. विमा ४८ लाखांचा आहे. पेन्शन आणि ग्रॅच्युइटी नाही.

शिक्षणाच्या आखणीचा खरा प्रश्न इथं येतो. पूर्वी बारावीच्या भरतीतल्या नौसैनिकाची पहिली नेमणूकच पंधरा वर्षांची असायची आणि चिल्क्यात तो २२ आठवडे शिकायचा. आता तिथं १६ आठवडे मिळतात. जहाजं मात्र दिवसेंदिवस अवघड होत चालली आहेत. पूर्वी हातानं फिरवायच्या झडपा आता पडद्यावरून चालतात. चालकाविना उडणारी आणि पाण्याखाली फिरणारी यंत्रं आली आहेत. जामनगरच्या 'वलसुरा'त कृत्रिम बुद्धिमत्तेचं केंद्र उभं राहिलं आहे. शिकायचं जास्त आणि शिकायला वेळ कमी, अशी ही ओढाताण आहे. टीका करणारे म्हणतात, पोरगं कामात मुरेपर्यंत त्याचे दिवस भरतात. सरकार म्हणतं, सैन्य तरुण राहील आणि शिकलेली मुलं समाजात परततील. दोन्ही बाजू ऐकाव्यात, पण आपल्याला विचारायचा प्रश्न वेगळा आहे. चार वर्षांनी पोरगं बाविशी-चोविशीत घरी आलं, तर त्याच्या हातात पैशांशिवाय काय असेल?

यासाठी काही गोष्टी जाहीर झालेल्या आहेत. दहावी पास होऊन गेलेल्यांना मुक्त विद्यालयी संस्थेमार्फत बारावीचं प्रमाणपत्र. इग्नूची तीन वर्षांची पदवी, जिच्यात निम्मे गुण सेवेतल्या प्रशिक्षणाचे धरले जातील. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलं, तटरक्षक दल आणि संरक्षण खात्याच्या सरकारी कंपन्यांत १० टक्के राखीव जागा. आणि नौदलातून सुटलेल्या अग्निवीरांना मर्चंट नेव्हीत जाण्याच्या सहा वाटा. कागदावर हे चांगलं आहे. पण पदवीचा अर्ज आपल्या पोरानं पहिल्याच वर्षी भरला का, शिकलेल्या कामाचं प्रमाणपत्र नीट सांभाळलं का, हे घरच्यांनी फोनवर विचारत राहिलं पाहिजे. जेवलास का, हे तर आपण रोज विचारतोच.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर आखणी करणाऱ्यांनी दोन गोष्टी कराव्यात. नौदलात जे शिकवलं जातं त्याचं प्रमाणपत्र बाहेरच्या जहाजावर आणि कारखान्यात जसंच्या तसं चालावं. आणि समुद्रापासून दूरच्या जिल्ह्यांत, जिथं घरात कुणी विचारायला नाही, तिथं माहिती शाळेपर्यंत यावी. भरतीची परीक्षा हिंदी आणि इंग्रजीत असते. मराठी किंवा उर्दू माध्यमातून शिकलेलं पोर भौतिकशास्त्र जाणतं, पण प्रश्नातला शब्द त्याला अडवतो. त्याची हुशारी कमी नसते, पण तयारीसाठी त्याच्या हातात कुणी काही दिलेलं नसतं.

एका विषयानं बंद झालेलं दार

आता आपाच्या लेकीकडे येते. तिला बारावीत ६८ टक्के होते. उंची बरी, धावण्यात शाळेत पहिली. मी उत्साहानं जाहिरात उघडली आणि पात्रतेच्या ओळीवर थांबले. अग्निवीर एसएसआर या भरतीला बारावीत गणित आणि भौतिकशास्त्र हवं, एकूण ५० टक्के. पोरीकडे गणितच नव्हतं. अकरावीला तिनं जीवशास्त्राचा गट घेतला होता. "मुलीला गणित कशाला, फार्मसीला जीवशास्त्र चालतं," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी मान डोलावली होती. त्या सगळ्यांत मीही होते. दहावीच्या निकालाच्या दिवशी पेढे खाताना मीच म्हणाले होते, बायोलॉजी घे.

एनडीएतून नौदलात जायलाही भौतिक, रसायन, गणित हेच लागतं. बी.टेक. योजनेलाही तेच. तिच्यासाठी एकाच वेळी तीन दारं बंद झाली होती आणि ती आम्ही प्रेमानं बंद केली होती.

त्या रात्री पोरगी गच्चीवर एकटी बसली होती. मी वर गेले. ती रडत नव्हती. म्हणाली, "खाला, मला कुणी विचारलंच नव्हतं." मला उत्तर सुचलं नाही.

व्यापारी जहाज : रिज्क मोठा, खड्डेही मोठे

ज्यांना लढाऊ जहाज नको, त्यांना मर्चंट नेव्ही खुणावते. जगातला ऐंशी टक्क्यांहून अधिक माल समुद्रानंच जातो, त्यामुळे काम आहे आणि पगारही चांगला आहे. इथंही दोन थर आहेत. डेक किंवा इंजिन अधिकारी होण्यासाठी बारावीत भौतिक, रसायन, गणित आणि इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा लागते. दहावीवर जीपी रेटिंग म्हणजे खलाशी होण्यासाठी सहा महिन्यांचा निवासी अभ्यासक्रम असतो.

दुल्हेभाईंच्या पुतण्यासारखी फसगत होऊ नये म्हणून या गोष्टी फ्रिजवर चिकटवून ठेवा.

पहिली, संस्था नौवहन महासंचालनालयाच्या मान्यतेची आहे का, हे त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः पाहा. पत्रकावर छापलेल्या शिक्क्यावर जाऊ नका.

दुसरी, नोकरी लावणाऱ्या कंपनीकडे आरपीएसएल हा परवाना असतो. त्याचा क्रमांक मागा आणि यादीत ताडून पाहा.

तिसरी, जहाजावर नोकरी लावण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घ्यायला बंदी आहे. अभ्यासक्रमाची फी वेगळी, ती संस्थेला पावतीवर द्यायची. 'प्लेसमेंटचे' म्हणून कुणी रोख मागितले की तिथूनच उठा.

चौथी, कुठल्याशा परदेशी झेंड्याचं सीडीसी पुस्तक घाईघाईनं हातात देणाऱ्यापासून दूर राहा. भारतीय सीडीसी आणि इंडोस क्रमांक हीच सरळ वाट.

पाचवी, डेकवर जायचं तर चष्म्याशिवाय नजर चांगली हवी आणि रंग ओळखता आले पाहिजेत. पोराला लाल-हिरवा फरक दिसत नसेल तर लाखभर रुपये भरल्यावर कळून उपयोग नाही. नेत्रतज्ज्ञाकडे ही तपासणी थोड्या पैशांत होते. ती आधी करा.

आणखी एक वाट आपण विसरतो. जहाज चालवणं हे एक काम, जहाज बांधणं हे दुसरं. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये आठवी, दहावी आणि आयटीआय झालेल्या मुलांना शिकाऊ म्हणून घेतात. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, पाइप फिटर असे हुनर तिथं शिकवतात. नौदलाच्या गोदीतही आयटीआयवाल्यांना शिकाऊ म्हणून घेतात. 'आयएनएस सुरत'चे पत्रे जोडणारे हातही असेच कुठल्यातरी गावातून आलेले असणार.

आई-बापांच्या मनातले प्रश्न

जेवणाचं काय? नौदलात शाकाहारी जेवण मिळतं, हे अनेकांना माहीत नसतं. ज्याला मांसाबद्दल शंका वाटते, त्याला तो मार्ग मोकळा आहे. नमाज-रोज्याचं काय? प्रशिक्षणाचं वेळापत्रक सगळ्यांना एकच असतं. प्रवासात नमाज आणि रोज्याबाबत दीनने दिलेली सवलत आपल्याला ठाऊक आहे. घरातल्या जाणत्या आलिमांना पोरानं जाण्याआधी शांतपणे विचारून घ्यावं म्हणजे मनात खटका राहत नाही. गणवेश सगळ्यांना सारखा, त्यात वेगळेपणा चालत नाही. हे मुलीनं आणि घरानं आधीच समजून निर्णय घ्यावा. मागाहून वाद नको.

आणि मुलगी? २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नौदलातल्या महिला अधिकाऱ्यांचा कायम नेमणुकीचा हक्क मान्य केला. २०२१ मध्ये एनडीएचं दार मुलींना उघडलं आणि मे २०२५ मध्ये तिथून पहिल्या १७ मुली बाहेर पडल्या. त्याच महिन्यात नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोन महिला अधिकारी 'तारिणी' या छोट्या शिडाच्या नौकेतून पृथ्वीला वळसा घालून गोव्यात परतल्या. आठ महिने नौकेत दोघीच. आपल्या मुलीला बसनं धुळ्याला एकटं पाठवताना आपण तीन फोन करतो. काळजी करणं चुकीचं नाही, पण तिला अडवण्यासाठी काळजीचं कारण पुढे करू नये.

लग्नाचा प्रश्नही उघड बोलावा. अग्निवीराला चार वर्षं लग्न करता येत नाही. ज्या घरात एकोणिसाव्या वर्षी स्थळं पाहायला सुरुवात होते, तिथं ही अट आधी सांगितली नाही तर भांडण होतं.

घरची आखणी

आठवी-नववीत गणिताची भीती काढा. जमत असेल तर विज्ञान आणि गणित इंग्रजीतून वाचायची सवय लावा. दहावीला नाव, जन्मतारीख आणि वडिलांचं नाव शाळेच्या दाखल्यावर, आधारवर आणि गुणपत्रिकेवर एकसारखं आहे का ते पाहा. आपल्याकडे एकाच घरात शेख तीन तऱ्हेनं लिहिलेला सापडतो. एका अक्षरासाठी कागदपत्रांच्या दिवशी पोरं परत आलेली आहेत.

दहावीनंतर मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला राज्य शासनाची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट आहे, १९७७ पासून. मुलींसाठी तशीच संस्था २०२३ मध्ये नाशिकला सुरू झाली. आपल्याच मुंबई-आग्रा रस्त्यावर. दहावीत असतानाच चौकशी करा. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करणाऱ्यांनीही निराश होऊ नये. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलसारख्या शाखांचा तीन वर्षांचा डिप्लोमा ५० टक्क्यांनी झाला असेल तर एसएसआरला चालतो. दहावीवर एमआर ही वेगळी भरती असते. अर्ज स्वतःच नौदलाच्या अधिकृत संकेतस्थळावरून भरा. परीक्षेचं शुल्क काही शे रुपये आहे, लाखांचा व्यवहार त्यात कुठंच नाही. आणि पोरांना पोहायला शिकवा. आमच्या लहानपणी पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत ढकलत. आता कुणी जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली शिकवा, पण शिकवा. रोज पहाटे फजरनंतर दोन किलोमीटर पळायला पैसे लागत नाहीत.

आपाच्या घरचं सांगून थांबते. बोर्डाच्या परीक्षेला एकच राहिलेला विषय घेऊन बसता येतं, हे आम्ही शोधून काढलं. पोरगी अठरा वर्षांची आहे, वयाची मुदत २१ पर्यंत. हिशेब करून पाहिला तर वेळ कमी आहे, पण आहे. तिनं गणिताची पुस्तकं आणली. दुल्हेभाईंनी गॅरेजच्या मागची खोली रिकामी करून तिथं टेबल-पंखा लावून दिला. तोंडानं अजून हो म्हणालेले नाहीत. परवा मात्र फोनवर विचारत होते, "लोणावळ्याला पोरींनाही इंजिन शिकवतात का?"

आणि धाकटी यंदा दहावीला आहे. तिला काय व्हायचंय ते तिनं अजून ठरवलेलं नाही. या खेपेला पेढे वाटण्याआधी आम्ही सगळ्यांनी तिला विचारायचं ठरवलं आहे. गणित ती सोडणार नाही म्हणते. पुढचं अल्लाहच्या हाती.